गोधडीच्या पोटात दडलंय काय?

२०२५ च्या डिसेंबरातली गोष्ट. टेंभुर्णीला माहेरी गेले होते. भाची पहिल्या बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले. घरात नुसती धांदल. डिंकाचे लाडू झाले, बाळंतविड्याची यादी झाली, आणि मग आमच्या म्हाताऱ्या आत्यानं फर्मान काढलं, "पेटीतलं जुनं लुगडं काढ गं. दुपटं शिवायचंय. नवं कापड नको, लेकराला टोचतंय."

पेटी उघडली. आत काय होतं सांगू? अठ्ठावीस साड्या निघाल्या. कुणाच्या लग्नातल्या, कुणाच्या वास्तुशांतीतल्या, कुणी ओटी भरलेल्या. एकीलाही फाटका पदर नाही, एकीचाही रंग उडालेला नाही. पण सुती लुगडं म्हणाल तर एकसुद्धा नाही! सगळ्या सिंथेटिक. आत्या एकेक साडी दोन बोटांत धरून चुरगाळून पाहत होती आणि बाजूला टाकत होती. शेवटी म्हणाली, "पेटी भरून कापडं हायेत माय, पन लेकराला गुंडाळायला कायबी नाही."

मग मी गादीवाल्याकडे गेले. म्हटलं, निदान बाळंतिणीसाठी एक हलकी रजई तरी भरून आणू. त्यानं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "ताई, फायबर टाकू का कापूस? कापूस पाहिजे असंल तर थांबावं लागंल."

मैत्रिणींनो, हे ऐकून मी दुकानात उभ्या उभ्या हसले आणि मग वाईटही वाटलं. कारण त्याच गल्लीत चार घरांच्या ओसरीवर कापसाचे ढीग लागले होते. 'जालना सोने का पालना' म्हणतात, ते बियाण्यांच्या आणि कापसाच्या जिवावरच ना? त्या जालना जिल्ह्यात, जाफ्राबाद तालुक्यात, कापसाच्या ऐन हंगामात रजईत भरायला कापूस नाही, फायबर मात्र हवा तेवढा! हे कसं झालं? आणि यात आपला फायदा झाला की तोटा? आज त्याच्याबद्दल थोडं बोलू.

पोटात काय असायचं?

आधी एक गैरसमज दूर करू. शहरातल्या बायकांना वाटतं, गोधडी म्हणजे कापूस भरलेली वस्तू. तसं नाही. कापूस भरलेली ती रजई, दुलई किंवा लेप. आपली मराठवाड्यातली गोधडी किंवा वाकळ म्हणजे कापडावर कापड. वर एक बरं लुगडं, खाली एक बरं लुगडं, आणि मधल्या पोटात धडपे, धोतरं, सदऱ्यांचे तुकडे. कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि फिरत फिरत मध्याकडे यायचं. पोट जेवढं भरीव तेवढी ऊब जास्त. पण फार भरलं तर सुई वर येत नाही, बोटं सोलून निघतात. म्हणून किती थर घालायचे, हे ज्याच्या त्याच्या हाताला माहीत असायचं.

या गोधडीची खरी गंमत पुढे आहे. ती धुता यायची. नदीवर नेली, आपटली, खडकावर वाळत टाकली, की संध्याकाळी पुन्हा अंथरायला तयार. कापूस भरलेल्या रजईचं तसं नाही. ती भिजली की कापसाचे गोळे होतात आणि वाळायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रजईला खोळ घालायची, ऊन दाखवायचं, आणि दोन-तीन वर्षांनी उसवून कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा. त्यासाठी गावात पिंजारी यायचे. पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या समाजाचं हे पिढीजात काम. त्यांच्या धनुकलीचा तो टणत्कार गल्लीत घुमला की पोरं गोळा व्हायची. तोच जुना, दबलेला कापूस पिंजला की पुन्हा ढगासारखा फुलायचा. नवा कापूस विकत घेण्याची गरजच पडायची नाही.

म्हणजे बघा, गोधडी असो की रजई, दोन्हींत आधीचीच वस्तू पुन्हा कामाला यायची. खर्च होता तो फक्त बायकांच्या वेळेचा आणि पिंजाऱ्याच्या मजुरीचा. बायकांचा वेळ तर कुणी कधी मोजलाच नाही. पण त्याच्याकडे नंतर येऊ.

कापूस आहे, पण कुणासाठी?

आता मुख्य प्रश्न. कापूस गेला कुठे?

पहिलं कारण शेतातलं आहे. पूर्वी आपल्याकडे देशी कापूस असायचा. त्याचा धागा आखूड, जाड आणि जरा ताठ. गिरणीला तो फारसा आवडत नाही, पण गादी-रजईला तोच उत्तम; कारण तो फुगून राहतो, लवकर दबत नाही. मग संकरित वाण आले. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी आपल्या जालन्यातच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली, आणि त्यातही हीच कंपनी पुढे होती. काही वर्षांतच बहुतेक शेतं बीटीची झाली. या कापसाचा धागा लांब आणि मऊ. सूतगिरणीला हवा तसा. उत्पन्न वाढलं, हातात पैसा आला, हे नाकारायचं कारण नाही. पण शेतकरी कापूस पिकवू लागला तो पूर्णपणे गिरणीसाठी. घरासाठी चार ओळी देशी कापूस ठेवायची पद्धत मोडली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं देशी कापसाचे सुधारित वाण काढले आहेत. पण आपल्या गावात कुणी ते लावल्याचं तुमच्या ऐकण्यात आहे का?

दुसरं कारण अंगावरचं. सिंथेटिक साडी स्वस्त, धुवायला सोपी, इस्त्री नको, वर्षानुवर्षं टिकते. शेतात राबणाऱ्या बाईला ती सोयीची वाटली तर तिचं काय चुकलं? पण सुती लुगडं झिजत झिजत मऊ होतं आणि शेवटी गोधडीच्या पोटात जातं. सिंथेटिक साडी झिजत नाही, मऊही पडत नाही. तिची गोधडी केली तर थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपला जात नाही, आणि चुलीतली ठिणगी पडली तर भोक पडून कडा कडक होतात. म्हणजे गोधडीचा कच्चा माल आपल्या पेटीतूनच नाहीसा झाला. गोधड्या कमी झाल्या त्याला 'आजकालच्या पोरींना शिवायचा कंटाळा' हे एकच कारण सांगतात, ते मला पटत नाही.

तिसरं कारण बाजाराचं आणि सरकारी धोरणाचं. ते जरा नीट समजून घेऊ, कारण २०२५ मध्ये या आघाडीवर बरंच काही घडलं.

पंचवीस सालच्या तीन बातम्या

पहिली बातमी ऑगस्टची. परदेशातून येणाऱ्या कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. ते केंद्र सरकारनं १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केलं. आधी सप्टेंबरअखेर आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावल्यामुळे कापड उद्योग अडचणीत आला होता, त्याला स्वस्त कापूस मिळावा हा हेतू. पण नेमके हेच महिने आपला कापूस घरी यायचे. त्यात सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. बोंडं काळी पडली, कापूस झाडावरच भिजला. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये होता. पण खासगी बाजारात भाव त्याच्या खाली राहिले. हमीभाव हवा तर सीसीआयच्या केंद्रावर जायचं. त्यासाठी मोबाइलवर 'कपास किसान' ॲपमध्ये नोंदणी करायची, आणि कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर माल परत. भिजलेल्या वर्षात ही अट किती जड गेली, हे आपल्या घराघरात माहीत आहे.

दुसरी बातमी सप्टेंबरची. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. त्यात मानवनिर्मित धाग्याच्या तंतूंवरचा, म्हणजे पॉलिस्टर फायबरसारख्या मालावरचा कर १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आला. सुतावरचा कर १२ वरून ५ वर आला. यामागे एक कारण होतं. कच्च्या मालावर कर जास्त आणि तयार कापडावर कमी, अशी उलटी उतरंड झाली होती, ती सरळ केली. उद्योगाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण गादीवाल्याच्या दुकानापुरतं बोलायचं तर कापसाचा स्पर्धक एका फटक्यात हलका झाला. फायबर आधीच स्वस्त, वजनाला कमी, पिंजायची कटकट नाही. त्यात हा कर उतरला. मग दुकानदार "फायबर टाकू का?" असं आधी विचारणार नाही तर काय करणार!

तिसरी बातमी त्याच दिवशीची, पण तिच्याकडे आपल्यापैकी फारशा कुणाचं लक्ष गेलं नाही. सुती रजईवर पूर्वी १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, आणि त्याच्या वर १८ टक्के. कागदावर ही सवलतच वाटते. हजार ते अडीच हजारांमधल्या रजया स्वस्त झाल्या, हे खरंही आहे. पण अडीच हजारांच्या वर कुठली सुती रजई जाते? ज्यात हाताचं काम जास्त असतं, ती! हिशेब करून पाहा. २,५०० रुपयांच्या रजईवर १२५ रुपये कर, गिऱ्हाइकाला पडली २,६२५ ला. तीच २,६०० ची असली तर कर ४६८ रुपये, गिऱ्हाइकाला पडली ३,०६८ ला. किमतीत फरक शंभर रुपयांचा, गिऱ्हाइकाच्या खिशाला फरक ४४३ रुपयांचा. मग शहरातला दुकानदार बचत गटाला काय म्हणणार? "बाई, २,५०० च्या आत बसवा." आणि ते बसवायचं कुठून? कापडाचा भाव कमी होत नाही, दोऱ्याचा होत नाही. कमी होते ती शिवणारीची मजुरी. नाहीतर पोटातला माल तरी हलका होतो.

बचत गटांचा माल साधारणपणे नोंदणीच्या मर्यादेखालीच असतो. मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. म्हणजे 'उमेद'च्या गटानं मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये स्वतः टेबल मांडून गोधडी विकली, तर हा प्रश्न येत नाही. पण नोंदणी असलेला दुकानदार तीच वस्तू सुती रजई म्हणून विकील, तेव्हा ही अडीच हजारांची रेघ आडवी येते. म्हणून थेट विक्रीला एवढं महत्त्व.

फायबर वाईट, कापूस चांगला?

इतकं वाचून तुम्हाला वाटेल, मी फायबरच्या विरोधात आहे. अजिबात नाही. माझ्या स्वतःच्या घरी फायबरचं पांघरूण आहे आणि मी ते दर महिन्याला निर्धास्तपणे मशिनमध्ये टाकते. जे काम ज्याचं, त्याला तेच द्यावं, एवढंच म्हणणं. कुठे काय वापरावं, ते सांगते.

अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस घरात असेल, वारंवार धुवावं लागत असेल, तर फायबर बरं. ते पाणी धरत नाही, लवकर वाळतं, गोळे होत नाहीत. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीलाही तेच सोयीचं. दुकानात हे फायबर सुट्टंही मिळतं आणि चादरीसारख्या शीटमध्येही. काही ठिकाणी त्याला रेक्रॉनच म्हणतात. शीट घेताना जाडी 'जीएसएम'मध्ये विचारा, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. पाच फूट बाय साडेसात फुटांच्या पांघरुणाला २०० जीएसएमची शीट घेतली तर आत सुमारे ७०० ग्रॅम माल बसतो. १५० ची घेतली तर सव्वापाचशे ग्रॅम. आपल्याकडच्या थंडीला एवढं पुष्कळ झालं. टाके चार-पाच इंचांवर घातले तरी चालतात. मात्र वरचं कापड घट्ट विणीचं हवं, नाहीतर फायबरचे केस बाहेर डोकावतात. आणि कडक इस्त्री चुकूनही फिरवू नका.

अंगाला घाम येणारं माणूस, बाळंतीण, तान्हं बाळ यांना कापूस किंवा जुन्या सुती कापडाचे थर. सुती माल घाम टिपतो आणि हवा खेळती ठेवतो. कापूस भरणार असाल तर टाके जवळ हवेत, तीन-चार बोटांच्या अंतरावर. नाहीतर कापूस सरकून एका कोपऱ्यात जमतो. वरचं नवं कापड आधी धुऊन घ्या, म्हणजे नंतर आटून सुरकुत्या पडणार नाहीत. औषधाच्या दुकानातला कापसाचा रोल भरायला वापरू नका. त्यातलं नैसर्गिक मेण काढलेलं असतं, त्यामुळे तो पाणी शोषून लगेच बसतो. वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत जड रजई किंवा सैल पांघरूण टाकू नका, मग ते कापसाचं असो की फायबरचं. तोंडावर आलं तर त्याला बाजूला सारता येत नाही.

आगीचं भान दोन्हींत ठेवा. कापूस पेट घेतो आणि आतल्या आत धुमसत राहतो. पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. शेगडीजवळ दोन्ही नकोत.

दुकानदार "शुद्ध कापूस आहे" म्हणाला तर खात्री कशी करायची? चिमूटभर माल मागा, चिमट्यात धरा आणि अंगणात काडी लावून पाहा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राखाडी राख उरली तर कापूस. प्लॅस्टिकचा वास आला, माल आक्रसला आणि कडक काळा मणी उरला तर पॉलिस्टर. दोन्ही खुणा दिसल्या तर भेसळ. स्वस्त गाद्यांमध्ये जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून केलेला रंगीत भराव असतो. हरियाणातलं पानिपत अशा कामाचं मोठं केंद्र आहे. तो माल वाईट असतोच असं नाही. पण तो कापसाच्या भावानं घेऊ नये, एवढंच.

सहा किलोंचा हिशेब

आता घरच्या कापसाचा हिशेब मांडू. एका माणसाच्या रजईला सुमारे दोन किलो रुई लागते. सरकीसकट कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश. म्हणजे सहा किलो कापूस. २०२५-२६ च्या ८,११० रुपये हमीभावानं त्याची किंमत झाली ४८७ रुपये. त्यातली चार किलो सरकी म्हशीच्या आंबोणाला उरतेच. मग कापसाच्या घरात ही रजई इतकी दुर्मीळ का?

कारण ढिगातला कापूस कुणाचा, हा प्रश्न आहे. वेचणी बायकांची. किलोवर मजुरी घेऊन कंबर मोडेपर्यंत वाकणाऱ्या बायकाच. पण सातबारा बापाच्या, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. ॲपमधली नोंदणी त्यांच्या नावावर, पट्टी त्यांच्या खात्यात. "सहा किलो घरात ठेवा हो" असं म्हणायलाही बाईला धीर करावा लागतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. त्यानिमित्तानं भाषणं झाली, होतील. माझं मागणं अगदी छोटं आहे. जिनं वेचला, तिच्या पांघरुणापुरता कापूस घरात राहू द्या!

सरकी हातानं काढणं जिकिरीचं आहे, ते वातीपुरतं ठीक. पण ओळखीच्या जिनिंगवाल्याकडे कापूस देऊन त्या बदल्यात दोन-चार किलो रुई मागायला हरकत नाही. पाच-सहा जणींनी मिळून मागितली तर त्यालाही सोयीचं. शेवटच्या वेच्याची कवडी, जिला बाजारात भाव मिळत नाही, तीही बसण्याच्या गादीला चालते. मात्र कचरा निवडून, कडक उन्हात चांगली तीन-चार दिवस वाळवून. बुरशीचा वास येत असेल तर सरळ फेकून द्या, दम्याला आमंत्रण नको.

मजुरी कोण मोजणार?

गोधडीला आता शहरात मान आला आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. प्रदर्शनांत गोधड्या भिंतीवर टांगल्या जातात. आपण जी पाहुण्यांपासून लपवून ठेवायचो, ती!

कापूस वेचणाऱ्या बायकांच्याच गोधड्यांना जगात मान मिळाल्याचं एक उदाहरण लांबचं आहे, पण ओळखीचं वाटेल. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं एक खेडं आहे. कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या आणि पोटात भरायला जिनिंगच्या जमिनीवर सांडलेला कापूस झाडून आणून बडवून घ्यायच्या. १९६६ मध्ये त्या परिसरातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकेनं त्यांच्यावर टपाल तिकिटं काढली. कापूस दुसऱ्याचा, मेहनत आपली, गोधडी चिंध्यांची... फरक फक्त नकाशावरचा!

पण मानानं पोट भरत नाही. आपल्या गटांनी गोधडी विकायला काढली की पहिली चूक होते ती हिशेबात. कापड इतक्याचं, दोरा इतक्याचा, वर दोनशे रुपये नफा. झाली किंमत! हातानं भरलेल्या मोठ्या गोधडीला घरकाम सांभाळून तीन-चार आठवडे सहज लागतात. ते तास लिहून ठेवा. वहीत रोज तारीख आणि वेळ टाका. विकताना तो कागद दाखवा. गिऱ्हाईक घासाघीस करायचं थांबेलच असं नाही, पण आपल्याला तरी कळेल की आपण किती फुकट देतोय.

दुसरी गोष्ट, गोधडीला एक चिठ्ठी लावा. 'वर सुती, आत जुन्या सुती कापडाचे चार थर.' किंवा 'आत पॉलिस्टर फायबर, धुता येईल.' खरं असेल ते. फायबर भरून कापसाच्या भावानं विकणारे बाजारात कमी नाहीत. त्यांच्याशी स्वस्ताईत टक्कर देणं आपल्याला जमणार नाही. खरेपणात मात्र जमेल. आणि जी बाई एकदा ती चिठ्ठी वाचून घेऊन गेली, ती पुढच्या वर्षी आपलाच गट शोधत येते.

सरकारकडेही मागायला हवं. हातानं शिवलेल्या सुती गोधडीला त्या अडीच हजारांच्या रेघेतून सोडवा, एवढी एक ओळ निवेदनात लिहायला काय जातं? गटाच्या बैठकीत ठराव करा, प्रभाग संघाकडे पाठवा, आमदार-खासदार गावात आले की हातात द्या. कर ठरवणाऱ्यांना गोधडी भरायला किती तास लागतात, हे माहीत असण्याची शक्यता कमीच. ते आपणच सांगायचं.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं. पण अंथरूण कशाचं, कुणाच्या कापसाचं, कुणाच्या मजुरीचं, हे पाहायला कुणी शिकवलं नाही. आता पाहू या.

हो, दुपट्याचं राहिलंच की! आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरच्या ट्रंकेतून एक गाठोडं घेऊन आली. आत माझ्या वडिलांची दोन धोतरं होती. ते जाऊन नऊ वर्षं झाली, धोतरं तिनं तशीच ठेवलेली. मी म्हटलं, "आत्या, राहू दे की आठवण म्हणून." तिनं धोतर गालाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "आठवनच हाये ना? मंग लेकराच्या अंगावर राहू दे."

चार दिवसांत दुपटं तयार झालं. धावदोरा जरा वाकडा आहे, आत्याला आता नीट दिसत नाही. बाळ त्यात गाढ झोपतं. आणि आत्यानं मला सांगून ठेवलंय, "औंदा कापूस निंघाला की आधी सहा किलो बाजूला काढायचा. इचारायचं न्हाई कुनाला, सांगायचं!"